तेविसावी सुई

चाळीस वर्षं हातानं शेवया ओढून माझ्या कोपराची शीर अशी सुजली की वाटी उचलताना डोळ्यांत पाणी यायचं. हात गेला तर दुकान गेलंच. लांचौ शहरभर नावाजलेल्या छ्यू वैद्यीणबाईंनी कोपरात दुखणं उतरवायची बारीक सुई टोचली आणि भीतीनं माझं अंग असं आवळलं की सुई निघेचना. बायको म्हणाली, “अहो, मणभर पीठ ओढता, एवढीशी सुई ओढवेना?” “ओढू नका, आत तुटेल!” बाई ओरडल्या. “भ्यालेल्या मांसानं धरलीय. शेजारी दुसरी टोचली की पहिली सुटते.” टोचली. पहिली सुटली, दुसरी अडकली! तिसरीनं दुसरी सोडवली आणि स्वतः रुतली. खोटं वाटेल, पण दुपारपर्यंत बाविसावी सुई कोपरात ताठ उभी होती आणि माझं अंग अजून आवळलेलंच होतं. बाईंनी कोऱ्या सुयांच्या पेटीत डोकावून माझ्या पाठीवरून हात फिरवला. “आता मात्र घाबरायचं नाही हं, उस्ताद. एकच उरलीय.”