गुलाबी मीठ

मिठाच्या नव्या डब्याचं सील अजून तसंच होतं.

वर्लीन डबा हातात धरून ओट्यापाशी थबकली. चुलीवर पालेभाजी रटरटत होती आणि तिच्यात मीठ घालायचं राहिलं होतं, म्हणून तिनं फडताळ उघडलं होतं. जुनं मीठ मंगळवारीच संपलं, तिनंच तळ खरवडून वापरलं. आणि काल दुपारी, ती चर्चमध्ये रताळ्याची गोड पाई भाजायला गेली असताना, तिच्या नवऱ्यानं, हॉलिसनं, सणाच्या टर्कीला चोळायचा मसाला केला. त्यात अर्धी वाटी मीठ पडतं. मग ते मीठ आणलं कुठून त्यानं?

खालच्या कप्प्यात सॉसेजच्या मिठाची बरणी होती. गुलाबी मीठ; सैंधव नव्हे, मांस टिकवायचं रसायन. डुक्कर कापलं की तेवढ्यापुरतं ते निघायचं, पाच पौंड मांसाला एक सपाट चमचा, वर कणभर नाही. जास्त झालं तर माणूस जिवाला मुकतो. कुणाची चूक होऊ नये म्हणून तर त्याला रंग देतात, हे लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात हॉलिसनंच तिला शिकवलं होतं. वर्लीननं बरणी बाहेर काढली. गेल्या महिन्यात ती गळ्यापर्यंत भरलेली होती. आता अर्धी होती, आणि काठाला लाल तिखट लागलेलं होतं.

बरणी ओट्यावर तशीच टाकून ती परसात धावली.

भट्टीतून पेकनच्या लाकडाचा गोड धूर येत होता. हॉलिस हॅट घालून खुर्चीत बसला होता, पहाटेपासून उठला नव्हता. भोवती जावई, नातवंडं, आणि ताटली घेऊन उभी असलेली रेनिटा, त्यांची थोरली. टर्की घरात नेण्याआधी पंखाचं टोक मोडायचं आणि भट्टीपाशी उभ्या-उभ्याच सगळ्यांनी वाटून खायचं, अशी या घरची रीत.

"बाबा, आज पंख मिळणार की नुसता धूरच खायचा आम्ही?"

"टर्कीला घाई नसते गं. तुझ्यासारखी नाही ती." हॉलिस हसला आणि उठून त्यानं झाकण उघडलं. आत टर्की तांबूस, चकचकीत झाली होती. नातवंडं ओरडली.

वर्लीन त्याच्या कानाशी वाकली. "हॉलिस, काल मसाल्यात मीठ कुठलं घातलंस?"

"कुठलं म्हणजे? मीठ म्हणजे मीठ." तो बोटं मोजायला लागला. "लाल तिखट, मिरी, लसूण, ब्राऊन शुगर, मोहरीची पूड..." अंगठ्याशी येऊन तो थांबला. त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर फिरले. "काल केला का गं मी मसाला?"

सप्टेंबरात तो पाव आणायला गेला आणि रात्री साठ मैलांवर सापडला. तेव्हाच रेनिटानं बजावलं होतं, पुन्हा असं काही झालं तर घर विकायचं, आणि बाबांना ह्यूस्टनच्या वृद्धाश्रमात ठेवायचं. तिथं ना भट्टी, ना परस. वर्लीनला आत्ता ओरडून सांगता आलं असतं. पण सांगितलं की हॉलिस गेलाच. आणि नाही सांगितलं तर ही सगळी पोरं!

रेनिटाचा हात पंखाकडे गेला.

"सरक, मी काढते," म्हणत वर्लीननं तो हात बाजूला सारला. हातरुमालानं जाळी धरून तिनं टर्की उचलली, दोन पावलं चालली आणि अडखळली. वीस पौंडांची टर्की राखेच्या ढिगाऱ्यात उपडी पडली.

"आई!" रेनिटानं कपाळावर हात मारला. "थांब, धुऊन घेऊ. वरची कातडी काढली की काही होत नाही."

"हात लावू नका!"

तिला एवढं ओरडताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "राखेतलं अन्न माझ्या टेबलावर येणार नाही."

"मग कुत्र्याला तरी घाल."

"कुत्र्यालाही नाही." वर्लीननं टर्की उचलून राखेच्या पिंपात टाकली, झाकण लावलं आणि चक्क त्याच्यावर बसली.

"कमाल आहे," रेनिटा म्हणाली. "मी इतके दिवस बाबांची काळजी करतेय, आणि इथं तूच."

"वय झालं गं माझं." असं ती जन्मात कधी म्हणाली नव्हती.

हॉलिस तिच्याकडे बघत होता. मग त्यानं घसा खाकरला. "रडू नका रे. फ्रीजमध्ये दोन कोंबड्या आहेत. मसाला करतो, तीन तासांत होतील." आणि तो घरात गेला.

पोरांना पिंपापासून लांब पिटाळून वर्लीन त्याच्यामागे गेली. पण रेनिटाही मागून येतच होती.

हॉलिस ओट्यापाशी उभा होता. परात मांडलेली, लाल तिखट, मिरी, साखर घालून झालेली. समोर सीलबंद डबा होता आणि गुलाबी बरणी होती. त्याचा हात आधी डब्यावर गेला, मग बरणीवर. बरणी उचलून तो मागं वळला.

"वर्लीन, हेच ना?"

रेनिटाची पावलं दाराशी आली.

"हो, तेच," वर्लीन मोठ्यानं म्हणाली. तिनं त्याच्या हातातली बरणी काढून आपल्या अ‍ॅप्रनखाली घेतली आणि डब्याचं सील फोडून तो त्याच्या हातात दिला.