बाबाची झोप

सिस्टरांनी मुकुंदच्या कपाळावरची पट्टी सोडली. “चांगली गाढ झोप निघाली. रात्री हीच रेणूला चढवू.”

मुकुंद तारवटलेल्या डोळ्यांनी उठला. ऑपरेशनच्या धास्तीने लेकीचा डोळा लागत नव्हता, म्हणून आठवडाभर ती बापाच्याच झोपेवर झोपत होती. झोपेबरोबर स्वप्नंही तिच्याकडेच जायची. त्याला काही आठवायचं नाही.

“सिस्टर, आजपासून मावशीची झोप द्या ना,” रेणू म्हणाली. “तिला नुसती लग्नाच्या पंगतीची स्वप्नं पडतात.”

“आणि मला गं कसली पडतात?” मुकुंदने हसत विचारलं.

रेणू चादरीच्या टोकाशी चाळा करत राहिली.

“आपल्या घराची. तू असतोस, आई असते. माझी सायकल जिन्याखाली धूळ खात पडलेली असते. मी कुठेच नसते, बाबा.”