वहिनींच्या दोन पायऱ्या

दीपगृहाच्या दारात उभे राहून तपासणी अधिकाऱ्याने मान मागे टाकली, वर वळत गेलेला जिना पाहिला आणि रुमालाने कपाळ पुसले.

"कवितांचे फोटो पाठवले असते तरी चाललं असतं," तो म्हणाला. "माझे गुडघे सध्या रजेवर आहेत."

"गावानं ठरवलंय साहेब," जुना बत्तीवाला नम्रपणे म्हणाला. "वाचायचं तर चढून वाचायचं."

गावाने खरोखरच तसे ठरविले होते. दीपगृह पाडून तेथे लोखंडी खांब उभारण्याचा आदेश अधिकाऱ्याच्या फाइलमध्ये तयार होता; उणीव होती ती केवळ सहीची. त्यावर गावाने मोर्चा काढला नाही की घोषणा दिल्या नाहीत. प्रत्येक घराने एक ओळ रचली आणि पाट्या रंगवणाऱ्या कारागिराने ती एकेका पायरीच्या उभ्या अंगावर रंगवली. एका घराला एक पायरी, असा नियम होता. रंग वाळेपर्यंत आठ दिवस दाराला कुलूप होते. त्यामुळे ज्याने एकतीस वर्षे या जिन्यावर चपला झिजवल्या, त्या बत्तीवाल्यानेही अद्याप त्यातले एक अक्षर वाचलेले नव्हते.

पुढे बत्तीवाला, मागे अधिकारी आणि त्याच्याही मागे जाळी विणणाऱ्या वहिनी, असे तिघे चढू लागले. अधिकाऱ्याचा चष्मा घामाने धूसर झाल्यामुळे वाचण्याचे काम बत्तीवाल्याकडे आले.

"हा गेला तर गावाच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलं समजा."

"शिंपी?" अधिकाऱ्याने विचारले.

"शिंपीच. आणि ही पुढची पोस्टमनची. 'पत्ता विचारणाऱ्याला मी आधी हा दाखवतो, मग घर.'"

"म्हणजे हा पाडला तर टपाल बंद का?"

"येईल की साहेब," वहिनी मागून म्हणाल्या. "फक्त शेजाऱ्याकडे येईल."

अधिकारी हसला. परंतु अर्ध्या जिन्यावरच्या खिडकीपाशी दम घेताना त्याने फाइल उघडली.

"हसवलंत, बरं वाटलं. पण इथं काय लिहिलंय ते ऐका. 'दिवा बंद असल्याने नौका खडकावर आदळली. एक मृत्यू. सबब दीपगृह निरुपयोगी.' याला तुमच्या कविता काय करणार?"

बत्तीवाल्याची मान खाली गेली. एकोणीस वर्षे त्या पहाटेचा विषय निघाला की ती अशीच खाली जात असे. दिवा चालू होता, असे त्याने तेव्हा सांगितले होते. ते कोणी मानले नाही, आणि पुढे त्याने सांगणेच सोडून दिले. वहिनींचे दार टाळण्यासाठी तो आजही बाजाराला वळसा घालून घरी जात असे.

झुकलेल्या नजरेसमोर पुढची पायरी होती. काही सुचेना, म्हणून तो ती वाचू लागला.

"याच्या उजेडानं माझा माणूस तीन वादळांतून घरी आला."

वरच्या पायरीकडे न पाहता तो वहिनींकडे वळला.

"वाचा ना भावजी," वहिनी म्हणाल्या. "वरचीही माझीच आहे. पाटीवाला दुसरी द्यायला तयार नव्हता. म्हटलं, त्यांचं नाव अजून दारावर आहे. एक त्यांची, एक माझी."

बत्तीवाल्याने भिंतीला हात टेकला आणि वरची ओळ वाचली.

"चौथ्या खेपेला धुकं होतं. दिवा जळत होता. मी दारातून पाहिला."



"बाई, हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?" अधिकाऱ्याने विचारले.

"तेव्हा मला कोणी विचारलं नाही. या वेळी घरोघर विचारलं."

अधिकाऱ्याने चष्मा पुसून त्या दोन्ही पायऱ्या स्वतः वाचल्या. मग फाइल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून त्याने दिवा बंद असल्याचे ते वाक्य आडव्या रेघेने खोडले आणि समासात लिहू लागला. लिहिता लिहिता तो थांबला.

"नोंद पुरी करायला हवी. त्या पहाटे बत्तीवर कोण होतं?"

बत्तीवाल्याने मान वर केली. आपले नाव, वडिलांचे नाव, आडनाव, हुद्दा आणि पहाऱ्याची वेळ त्याने इतक्या खणखणीत आवाजात सांगितली की, खाली अंगणात ताटकळत उभा असलेला सारा गाव बोलायचा थांबला.