पंपघरातली चाळीस मिनिटं

चौकशीच्या खोलीतली खुर्ची पैलवानाच्या मानाने फारच लहान होती. तो जेमतेम टेकून बसला. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्याने ते मांड्यांखाली दाबले. समोर वयाने त्याच्या निम्मा साहेब होता आणि लिहून घ्यायला कारकून.

घडलं ते सगळ्यांना माहीत होतं. टाकी भरली, भोंगा वाजला, पण पंप बंद झाला नाही. चाळीस मिनिटं पाणी वाहत राहिलं आणि शेजारच्या दवाखान्याच्या तळघरातली औषधं भिजून वाया गेली. पंपघरात ड्यूटी एकट्या पैलवानाची. बावीस वर्षांत त्याच्या नावावर एक चूक नव्हती.

"झोप लागली म्हणू नका," साहेब म्हणाला. "तो भोंगा अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. कुठे होतात तुम्ही?"

पैलवान पंपघराच्या दारातच होता. पंप बंद करायच्या लाल बटणावर कोळी बसला होता. फार तर नाण्याएवढा. दोन बोटांत चिरडावा असला जीव, हे पैलवानाला कळत नव्हतं थोडंच! पण हातापायांना कोण समजावणार? एकदा तो धीर करून पुढे गेला. कोळ्याने एक पाय उचलला आणि हा एवढा आडदांड गडी धडपडत बाहेर आला. मग भोंगा ऐकत, घामाने निथळत, तिथेच उभा राहिला. झाडू आत होता. कोणाला हाक मारायची तर काय सांगून मारायची? कोळी आपल्या मर्जीने निघून गेला, तेव्हा कुठे बटण दाबलं गेलं.

खरं सांगितलं तर नोकरी वाचेलही. पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत कारकून सगळीकडे पसरवणार. लोक हसतील, ते एक वेळ सोसता आलं असतं. पण कोणीतरी गंमत म्हणून डब्यात खराखुरा कोळी आणून टाकेल आणि चारचौघांत आपण किंचाळू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"प्यायला होतात का?" साहेबाने आवाज खाली आणून विचारलं.

पैलवानाने जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता. तरी त्याच्या जिवात जीव आला.

"हो, साहेब."

कारकुनाने लिहून घेतलं. साहेबाने सुस्कारा सोडला. माणूस आहे, होतं असं, म्हणाला. पंधरा दिवस घरी बसायचं, आणि पुन्हा असं झालं तर कायमचं.

बाहेर दुसऱ्या पाळीचा पंपवाला, त्याचा जोडीदार, वाट बघत होता. बातमी आधीच पोचली होती. कोणी हसलं नाही. जोडीदाराने खांद्यावर हात टाकला, एवढी वर्षं ताकास तूर लागू दिली नाहीस म्हणून लटकंच रागावला आणि त्याला रस्त्यापलीकडच्या गुत्त्यात घेऊन गेला. तिथे पाळी संपलेले तिघे बसले होते. आजवर कधी ज्यांनी त्याला बोलावलं नव्हतं, ते बाकावर सरकून बसले.

समोर ग्लास आला. नुसत्या वासानेच पैलवानाने तोंड फिरवलं. पण सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्याने डोळे मिटले आणि एका दमात ग्लास रिकामा केला. घसा जळत गेला.

"अजून भर रे," जोडीदार म्हणाला. "आपलाच माणूस आहे."