धुराड्याजवळचा कोपरा

"वहिनी, लवकर काय ते सांगा. आभाळ येतंय," छपरवाला शिडीवरूनच खिडकीशी वाकून म्हणाला. "शिंगलच्या जुन्या चपट्या पट्ट्या सगळ्या काढल्या. फळ्या ठणठणीत आहेत. फक्त धुराड्याजवळचा कोपरा राहिलाय. तो उचकटत बसलो तर पाऊस घरात येईल. तिथे जुन्यावरच नवीन ठोकून टाकतो. वरून कुणाच्या बापाला कळणार नाही."

तिने नवऱ्याला फोन लावला. तो परगावी होता. "तुला योग्य वाटेल ते कर," तो म्हणाला. नवऱ्यांना हे वाक्य नेमकं अशाच वेळी सुचतं. तिला छपरातलं ओ की ठो कळत नव्हतं. कळत होतं ते एवढंच, की पश्चिमेला काळंकुट्ट झालंय आणि घराचं डोकं उघडं आहे.

ती सासऱ्यांच्या खोलीत आली. म्हाताऱ्याने उभा जन्म लोकांची छपरं शाकारण्यात घालवला होता. वर बसलेला छपरवालासुद्धा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, अजून त्यांना उस्ताद म्हणणारा. दोन वर्षांपासून ते खाटेला खिळले होते. ती खाट कायम धुराड्याजवळच्या कोपऱ्यात असायची. सकाळी कामासाठी तिने ती दाराशी ओढली होती, आणि आता परत तिथे न्यायचीच नव्हती. त्या उबदार कोपऱ्यात उद्यापासून मुलीची कॉट यायची होती. आठवड्यापूर्वी तिने हे सांगितलं, तेव्हापासून म्हाताऱ्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. जागा गेली म्हणून रुसले असतील, असं ती धरून चालली होती.

सासरे छताकडे टक लावून पडले होते. छताला आतून रंगवलेलं पातळ अस्तर होतं, त्यामुळे वरच्या फळ्या दिसत नव्हत्या. ती खाटेपाशी येताच त्यांनी मान वळवली.

"तो कोपरा उघडला?"

तिने मान हलवली. नाही.

"उघडायला सांग. खिळा पोकळ वाजतोय. खालची फळी गेलीय."

तिने खिडकीकडे, भरून आलेल्या आभाळाकडे बोट दाखवलं.

"येऊ दे," म्हातारा म्हणाला. "घर भिजलं तर वाळेल. उघडायला सांग, पोरी."

सासऱ्यांनी आजवर तिला पोरी म्हटलं नव्हतं. ती पदर खोचून तडक अंगणात गेली. शिडीच्या चार पायऱ्या चढली आणि उस्तादांचा निरोप सांगितला. छपरवाल्याने आभाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"उस्ताद म्हणाले म्हणजे संपलं. पण भिजलात तर मला बोल लावायचा नाही."

पहारीचा पहिला घाव पडला तेव्हा ती परत खोलीत होती, कपडे, गाद्या, मुलीची पुस्तकं बाहेर फेकत. दुसरा पडला. तिसऱ्याला अस्तर फाटलं आणि कुजक्या लाकडाचा ओला, काळा, हातभर तुकडा धाडकन जमिनीवर आला. त्यातले दोन गंजके खिळे वर तोंड करून होते. उद्या कॉटवरची उशी कुठे येणार, ते तिने मनातल्या मनात मोजलं. तुकडा बरोबर तिथेच पडला होता.

वरच्या भोकातून छपरवाल्याचं तोंड दिसलं. "वहिनी, इथे एकाखाली एक दोन थर निघाले. कुणीतरी आधीच जुन्यावर नवं मारून ठेवलंय. आत सगळा भुसा झालाय."

पाऊस आलाच. पुढचा तासभर ती शिडीवर उभी राहून ताडपत्रीचं टोक दोन्ही हातांनी धरून होती, छपरवाला ताडपत्रीखाली वाकून नव्या फळ्या ठोकत होता. वारा ताडपत्रीला धरून तिलाही ओढत होता. एकदा शिडी हलली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले, टोक मात्र सोडलं नाही. शेवटच्या फळीवर जाड कागद अंथरून झाला, शिंगलची पहिली ओळ बसली, तेव्हा तिची बोटं उघडेनात.

दोघं चिंब होऊन आत आली. छपरवाला थेट खाटेपाशी गेला आणि म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला.

"मानलं उस्ताद. मी वर बसून बहिरा, आणि तुम्ही खाली झोपून खिळा ओळखला. आता तो गाढव सापडला पाहिजे, ज्याने हे झाकलं. तुम्ही आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, कुजक्यावर नवं ठोकणारा माणूस कारागीर नव्हे."

म्हातारा त्याच्या तोंडाकडे नुसता पाहत राहिला.

हे कौतुक त्यांच्या कानी पडलंच पाहिजे, म्हणून कानातलं ऐकण्याचं यंत्र नीट बसवायला ती पुढे झाली. कान रिकामा होता. यंत्र फडताळात होतं, डबीत. ठोकाठोकीचा त्रास नको म्हणून सकाळी तिनेच काढून ठेवलं होतं, आणि गडबडीत विसरून गेली होती. यंत्राशिवाय त्यांना दाराची कडीसुद्धा ऐकू येत नसे.

तिचा हात तसाच राहिला. ती लग्न होऊन आली तेव्हापासून त्या कोपऱ्यात म्हाताऱ्याने दुसऱ्या कुणाचं अंथरूण पडू दिलं नव्हतं. हिंडतेफिरते होते तोवर दर वर्षी तिथल्या अस्तराला स्वतःच्या हाताने रंग देत होते. घरात सगळे त्याला म्हाताऱ्याची खोड म्हणायचे. तिनेही म्हटलं होतं.

तिने फडताळातली डबी काढून मुठीत झाकली. पण म्हाताऱ्याने मूठ पाहिली होती. त्यांनी नजर तिच्यावरून काढली आणि छपरवाल्याकडे वळवली. तो अजून हसतच होता.

"तो कोपरा झाकला त्या दिवशीही असंच आभाळ आलं होतं," सासरे म्हणाले.