पियानोखालची परात

त्या दुष्काळात परळीची हवा इतकी कोरडी झाली, की पियानोचं लाकूड तडकू नये म्हणून सिंधुबाई त्याच्याखाली पाण्यानं भरलेली परात ठेवायच्या. लेक उत्पला परदेशातल्या आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेची तयारी करत होती.

एका दुपारी शेजारच्या म्हाताऱ्या छबुबाई दारात आल्या. "पोरी, तांब्याभर पाणी दे. जीव लई सुकलाय."

"पाणी न्हाई हो, मावशी. सोसायटीचा टँकर येईल की आता," म्हणत सिंधुबाईंनी परात दिसू नये म्हणून दार ओढून घेतलं.

टँकरच्या रांगेत छबुबाई उन्हानं कोसळल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यांना पाणी नाकारल्याची गोष्ट सिंधुबाईंनी कुणाला सांगितली नाही, उत्पलालाही नाही.

अंतिम फेरी त्यांनी मोबाइलवर पाहिली. उत्पला जीव ओतून वाजवत होती. संथ भाग आला आणि दोन सुरांच्या मधे कुणीतरी घटाघटा पाणी पीत असल्याचा आवाज आला. सभागृहात कुणी मानही वळवली नाही. सिंधुबाईंच्या घशाला मात्र कोरड पडली.

निकाल लागल्या लागल्या फोन आला. "आई, पहिली आले मी!"

पलीकडून पुन्हा तोच आवाज, अगदी कानाशी.

"पोरी, आधी सावकाश पाणी पी, मग बोल."



"मी कुठं पितेय, आई? मला वाटलं, तूच पितीयस."