सभेला किती माणसं होती?

नगरपालिकेची निवडणूक आठवड्यावर आली होती आणि गाव दोन पॅनेलमध्ये उभं फाटलं होतं. सकाळीच दोन्ही पॅनेलचे प्रमुख, पिसाळ आणि बोंद्रे, स्थानिक दैनिकाच्या कचेरीत एकाच वेळी धडकले. पाच वर्षं एकमेकांशी न बोलणारे ते दोघे एका सुरात ओरडले, "हेमाताई, आमच्या सभेला दोनशेच माणसं छापलीत? उद्यापासून तुमचा पेपर गावात वाटू देणार नाही!"

दोन्ही बातम्या हेमाताईंनीच लिहिल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "पिसाळभाऊ, बोंद्र्यांच्या सभेला किती होती?"

"दीडशे! आमच्या माणसानं मोजलीत."

"आणि बोंद्रेभाऊ, पिसाळांच्या सभेला?"

"दीडशेच. मी स्वतः गच्चीवरून मोजली."

"मग मी दोघांनाही पन्नास पन्नास जास्तच दिली की!"

बोंद्र्यांना हसू फुटलं. पिसाळही खो खो हसत बाकावर बसले.

"ताई, चहा सांगा," ते म्हणाले आणि बोंद्र्यांकडे वळले. "गच्चीवरून नीट दिसलं का रे? पुढच्या सभेला खाली येऊन बस. खुर्च्या भरपूर रिकाम्या असतात."